माळ गळ्यात असताना निवडणुकीचा फॉर्म भरावा का?

राम कृष्ण हरी, ताई.

माझं वय ४८. सोलापूर जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. बारा वर्षांपूर्वी माळ घातली, तेव्हापासून आषाढीची वारी चुकवलेली नाही. गावात आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे. रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळात हरिपाठ होतो. मंडळातल्या दोघी दलित वस्तीतल्या आहेत. सगळ्या गावात नळ आले, पण पाइपलाइन वस्तीच्या अलीकडेच थांबली. त्या दोघी अजून हापशावरून हंडे आणतात, म्हणून हरिपाठाला उशिरा येतात. मी दोन ग्रामसभांत हा विषय काढला. पहिल्यांदा "निधी नाही" म्हणाले. दुसऱ्यांदा एकजण म्हणाला, "काकू, तुम्ही भजन करा, हे आम्ही बघतो," आणि सगळे हसले.

आता सरपंचपद बाईसाठी राखीव झालंय. माझ्या धाकट्या दिरांच्या पॅनेलनं मला उभं राहायचा आग्रह धरलाय. ते म्हणतात, "वहिनी, तुमची माळ बघूनच मतं पडतील." आमचे महाराज म्हणतात, माळकऱ्यानं राजकारणाच्या चिखलात उतरू नये, नाम घ्यावं, बाकीचं पांडुरंग बघतो. ज्यांच्या हातून माळ घेतली त्यांचा शब्द कसा मोडू? आणि खरं सांगते, ग्रामसभेतून आले की चार दिवस मन थाऱ्यावर नसतं. हरिपाठ तोंडानं चालतो आणि डोळ्यापुढं ती हसणारी तोंडं येतात. माझी भक्ती कमी पडते का? उभं राहू की नको?

– एक माळकरी

*

ताई, राम कृष्ण हरी.

तुम्ही शेवटी विचारलेलं मी आधी घेते, कारण सगळं पत्र त्या एका प्रश्नाच्या ओझ्याखाली लिहिलेलं दिसतं. तुमची भक्ती कमी पडत नाही. टाळ घेऊन शेजारी बसणारी बाई हंडे वाहून धापा टाकत येते आणि ते बघून तुमच्या पोटात तुटतं. नामानं तुमच्या आत काम केलंय, एवढाच अर्थ मला त्यातून दिसतो. बारा वर्षं माळ घालूनही ते दिसलं नसतं, तर मी काळजी केली असती.

मात्र तुमच्या पत्रात राग दोन आहेत, ते वेगळे करून बघा. वस्तीला पाणी नाही, हा एक. भर सभेत तुम्हाला हसले, हा दुसरा. दुसराही खोटा नाही, अपमान झालाच आहे. पण चार दिवस डोळ्यापुढून हलत नाही तो हा दुसरा. पहिला राग तुम्हाला अर्ज लिहायला बसवेल. दुसरा त्या माणसाला पुढच्या सभेत कसं गप्प करायचं, याची वाक्यं रात्रभर जुळवायला लावेल. हरिपाठाला बसण्याआधी घटकाभर स्वतःलाच विचारा, आज माझ्या मनात कुठला राग आहे? उत्तर दुसरा असं आलं तरी स्वतःला दोष देऊ नका, फक्त ओळखून ठेवा. आपल्याच मनाला असं पकडायची सवय तुम्हाला साधनेनं लावली आहे. पंचायतीच्या टेबलाभोवती बसणाऱ्या फार थोड्या लोकांकडे ती असते. म्हणून मला वाटतं की तुमच्यासारखीनं तिथं असायला हवं.

आता महाराजांचा शब्द. ज्यांच्या हातून तुम्ही माळ घेतली त्यांच्याबद्दल मी हलकं बोलणार नाही. त्यांच्या सांगण्यामागं खरी भीती असणार. पंचायतीच्या निवडणुकीवरून सख्खे भाऊ बोलायचे थांबतात, एका गावच्या दिंडीच्या दोन दिंड्या होतात, विणा कोणी घ्यायचा यावरून हमरीतुमरी होते. त्यांनी हे जवळून पाहिलं असेल. ही भीती मनात धरूनच पुढचं वाचा. पण "नाम घ्यावं, बाकीचं पांडुरंग बघतो" एवढंच वारकरी संतांनी शिकवलं, असं कोणी म्हणेल तर मला ते मान्य नाही. त्याचं कारण तुम्ही दर आषाढीला डोळ्यांनी बघता.

पंढरपुरात महाद्वाराशी तुम्ही नामदेव पायरीला हात लावता. तिथंच समोर चोखोबांची समाधी आहे, देवळाच्या बाहेर. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वाराशी समाधी बांधली, असं परंपरा सांगते. त्यांच्या मृत्यूचं साल १३३८ मानतात. तेव्हापासून सहाशे वर्षं चोखोबांचे अभंग आपण टाळमृदंगावर म्हणत आलो. आणि त्यांच्या जातीचा माणूस पंढरपूरला चालत आला तरी त्या पायरीपासून कळसाला हात जोडून मागं फिरत होता. त्या सहाशे वर्षांत नाम थांबलं नव्हतं. वारी चालू होती, एकादशा चालू होत्या, कीर्तनात "भेदाभेद भ्रम अमंगळ" सांगणंही चालू होतं. नुसत्या नामानं ते दार उघडायचं असतं तर कधीच उघडलं असतं.

ते उघडलं १९४७ साली. साने गुरुजींनी १९४६च्या अखेरीला विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण जाहीर केलं. सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून ते पुढं ढकललं आणि महिनोन्महिने महाराष्ट्रभर फिरले. सभा घेतल्या, गावोगावच्या विहिरी आणि देवळं आधी खुली करा म्हणून लोकांना विनवलं. मग १ मे १९४७ला पंढरपुरात उपोषणाला बसले. गावात त्यांच्या विरोधात घोषणा चालल्या होत्या, "जाव साने भीमापार, नही खुलेगा विठ्ठलद्वार." बसायला जागा द्यायला कोणी धजेना, तेव्हा तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. तेव्हाचे केंद्रीय कायदेमंडळाचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर मध्यस्थीला आले, मंदिर खुलं करण्याची कबुली मिळाली आणि १० मे रोजी उपोषण सुटलं.

ताई, या प्रसंगातल्या दोन गोष्टींकडे तुम्ही लक्ष द्यावं असं मला वाटतं. एक म्हणजे गुरुजी त्या महिन्यांत जे करत होते त्याला काय म्हणायचं? सभा, वर्तमानपत्रं, पुढाऱ्यांच्या भेटी, मध्यस्थी, कबुलीचे शब्द काय असावेत यावरची ओढाताण, हे सगळं राजकारणच आहे. आणि करणारा माणूस असा की ज्याच्या मनात विठ्ठलाच्या दारात कोणी बाहेर राहतंय याचं दुःख इतकं खोल होतं की त्यानं त्यासाठी प्राण पणाला लावले. साधना इथं संपली आणि राजकारण तिथं सुरू झालं, अशी रेघ मला त्यात कुठं ओढता येत नाही. दुसरी गोष्ट तनपुरे महाराजांची. त्या दिवसांत धर्माच्या नावानं विरोध करणारे होते, तसा मठाचं दार उघडणाराही एक महाराजच होता. म्हणजे तुमच्या महाराजांशी तुमचं मत जुळत नसेल, तर तुम्ही परंपरा सोडताय असं होत नाही. ही दोन मतं परंपरेच्या आतलीच आहेत, आणि तुम्ही त्यातल्या एका मताच्या आहात.

विदर्भात याच काळात तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन भजनं गात होते, आणि १९४२च्या आंदोलनात इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. गाव कसं असावं हे सांगताना ग्रामगीतेत त्यांनी मताला दुधारी तलवार म्हटलंय, नीट वापरली नाही तर आपल्यावरच उलटणारी. भजन म्हणणाऱ्यानं मताबद्दल बोलू नये असं त्यांना वाटलं नव्हतं. गाडगेबाबांनी मात्र कधी कुठलं पद घेतलं नाही. हातातला खराटा आणि कीर्तन, एवढ्यावर त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेला देऊन टाकली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण सरपंच झाल्याशिवाय काही करता येत नाही, असंही मला तुम्हाला सांगायचं नाही.

महाराज म्हणतात राजकारण हा चिखल आहे. मान्य. पण त्या चिखलापासून देऊळ आज खरोखर लांब आहे का? तुमच्या गावचं मला ठाऊक नाही, पण आपल्या भागातल्या कितीतरी गावांत हरिनाम सप्ताहाचा मांडव पुढारी देतो, काल्याच्या कीर्तनाआधी त्याचा सत्कार होतो, पंगतीच्या फ्लेक्सवर विठ्ठलापेक्षा त्याचा फोटो मोठा असतो. तेव्हा कोणी म्हणत नाही की देवाच्या दारात राजकारण नको. गावातली एक बाई वस्तीला पाणी मागते, तेव्हाच अध्यात्माची आठवण होते. मला याचं वाईट वाटतं. कारण यातून बायकांना आणि वस्तीतल्या लोकांना एवढंच कळतं की देऊळ वरच्यांच्या राजकारणाला खुलं आहे आणि त्यांच्या गाऱ्हाण्याला बंद.

आणि गप्प बसणंही कोणाच्या ना कोणाच्या कामी येतं. विनोबांएवढी निःस्वार्थी साधना गेल्या शतकात फार थोड्यांची असेल. १९५१मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीच्या दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली, तेव्हा गावकऱ्यांपुढं ते मागणं ठेवून त्यांनी १०० एकर मिळवले आणि तिथून भूदानाची पदयात्रा सुरू केली. तेच विनोबा १९७५ साली आणीबाणी आली तेव्हा वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमात वर्षभराच्या मौनात होते. त्या मौनातून आलेले "अनुशासन पर्व" (शिस्तीचा काळ) हे दोन शब्द सरकारनं घोषणेसारखे सगळीकडे लावले. पुढं विनोबांनी खुलासा केला की त्यांना आचार्यांचं अनुशासन म्हणायचं होतं, सरकारचं नाही. तोवर हजारो माणसं तुरुंगात होती. विनोबांबद्दलचा माझा आदर यानं कमी होत नाही. पण इतक्या मोठ्या माणसाचं मौनही सत्तेनं आपल्या बाजूनं वापरून घेतलं. मग ग्रामसभेत तुम्ही गप्प बसलात, तर ते कोणाच्या पथ्यावर पडेल?

आतापर्यंत मी महाराजांच्या विरुद्ध बोलले. आता दिरांच्या पॅनेलबद्दल त्याहून कडक बोलते.

"तुमची माळ बघूनच मतं पडतील" हे वाक्य वाचून मी थांबले. तुमचा खरा धोका मला तिथं दिसला. त्यांना पाण्याचा प्रश्न नकोय, तुम्ही नकोय, तुमची माळ हवी आहे. प्रचाराचा नारळ देवळात फुटेल, तुमच्या हातात विणा देऊन फोटो काढतील, घरोघरी "माऊली उभ्या आहेत" म्हणून सांगतील. आणि शेवटच्या दोन रात्री काय चालतं ते तुम्ही मला सांगायला हवं. पाकिटं वाटल्यावर माणसाला बेलभंडारा उचलायला लावतात, की शपथ घे, मत आम्हालाच. देवाचं नाव घेऊन विकत घेतलेल्या मतावर तुम्ही खुर्चीत बसणार का? तुम्ही माळकरी, तुमच्या घरात कांदालसूणसुद्धा एकादशीला वर्ज्य, आणि तुमच्या नावावर ढाब्यावर मटणाची नि दारूची उधारी चढणार. त्या रात्री तुम्ही हरिपाठ म्हणत असाल आणि बाहेर तुमच्यासाठी हे चाललेलं असेल. तुमच्या साधनेची हानी होईल ती इथं होईल. ग्रामसभेत भांडल्यानं होणार नाही.

लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत धर्माच्या नावावर मत मागणं कायद्यानंच भ्रष्ट आचरण ठरतं, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं २ जानेवारी २०१७च्या निकालात त्याचा अर्थ आणखी व्यापक केला. पण कायदा नसता तरी मी तुम्हाला हेच सांगितलं असतं. माळ तुम्ही पांडुरंगाला दिलेल्या शब्दाची खूण म्हणून घातली. ती मतांसाठी पुढं केली, की उद्या वस्तीच्या पाण्यावरून तुमच्या विरोधात बोलणारा माणूस देवाच्या विरोधात बोलतोय असं ठरेल. गावात तुमच्याशी मोकळेपणानं भांडता यायला हवं, नाहीतर तुम्ही चुकलात तर तुम्हाला सांगणार कोण?

माझं मत विचारलंत, तर फॉर्म भरा. पण आधी भावजींना आणि पॅनेलच्या चार कर्त्या माणसांना घरी बोलवा, चहा द्या आणि स्पष्ट सांगा. माळ गळ्यात राहील, पण प्रचारात तिचं नाव निघणार नाही. देवळात सभा नाही, पत्रकावर विठ्ठल नाही. पाकीट, पार्टी, बेलभंडारा यातलं काही झाल्याचं कळलं तर तुम्ही स्वतः चावडीवर उभं राहून सांगाल. आणि निवडून आल्यावर पहिलं काम वस्तीच्या पाइपलाइनचं. सरपंच आता थेट मतदारच निवडतात, त्यामुळे तुम्हाला सदस्यांच्या पळवापळवीवर अवलंबून राहायचं नाही. पॅनेलला हे पटलं नाही, तर त्यांच्याकडून उभ्या राहू नका. पटलं असं तोंडदेखलं म्हणाले, तर ते तुम्हाला त्यांच्या तोंडाकडं बघून कळेल. दिराला नाही म्हणणं सोपं नाही, सणावाराला एकाच पंगतीत बसायचं असतं, हे मला समजतं. तरीही हे नाही आत्ताच म्हणायचं. खुर्चीत बसल्यावर म्हणायला गेलात तर ते घरातलं भांडण होईल.

आणखी एक गोष्ट, जी बायकांना कोणी आधी सांगत नाही. ग्रामपंचायतीच्या चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) अशा दोघांच्या सह्या लागतात. कोऱ्या चेकवर सही करून देऊ नका, भावजींना नाही, घरधन्यांना नाही, कोणालाच नाही. "वहिनी, सही करून ठेवा, तुम्ही वारीला गेल्यावर अडायला नको," असं कोणीतरी नक्की म्हणेल. वारीला जा, आणि चेकबुक कुलपात ठेवून जा. सही तुमची असेल तर हिशेबही तुम्हालाच द्यायचा आहे.

उभं राहायचं नाही असं ठरलं, तरी पाण्याचा विषय तुमच्या हातातून जात नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे, आणि तिथं ठरलेलं ग्रामसभेपुढं यावं लागतं. तुमचं भजनी मंडळ म्हणजे रोज संध्याकाळी आपोआप जमणाऱ्या बायका. गावातला कुठला पुढारी रोज एवढ्या बाया जमवू शकतो? त्या सगळ्या महिला सभेला आल्या आणि एकीनं एकच विषय मांडला, तर हसणं अवघड जाईल. वस्तीतल्या त्या दोघींना बोलू द्या, तुम्ही त्यांच्या शेजारी बसा. त्यांचं दुःख त्यांच्या तोंडून यायला हवं. आपण त्यांच्या वतीनं बोलत राहिलो तर पाणी येईलही, पण सभेत त्या मागंच राहतील.

तिथं नुसतं गाऱ्हाणं सांगू नका, कागद मागा. केंद्राच्या जलजीवन मिशन या योजनेत प्रत्येक घराला नळ आणि माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. तुमच्या गावाच्या आराखड्यात ती वस्ती आहे की नाही, असेल तर काम कुठं थांबलं, हे लेखी मागा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या सोयींवर खर्च करायचे असतात. मागच्या तीन वर्षांत ते कशावर गेले, तेही विचारा. आणि विषय प्रोसिडिंगला, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, लिहून घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी बोललेलं हवेत जातं. ग्रामसेवक पुढच्या वेळी म्हणेल ते पान सापडत नाही, म्हणून त्याच दिवशी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तालुक्याला गटविकास अधिकाऱ्यांकडे जायची वेळ आली तर तोच कागद उपयोगी पडेल.

महाराजांना दुसऱ्याच्या तोंडून काही कळू देऊ नका. फॉर्म भरायच्या आधी स्वतः जा, पाया पडा आणि मला लिहिलंत तसं सगळं त्यांना सांगा, वस्तीतल्या दोघींचं, हंड्यांचं आणि सभेतल्या हसण्याचंही. कदाचित त्यांनी तुम्हाला राजकारणापासून अडवताना हा पाण्याचा भाग ऐकलेलाच नसेल. दिंडी फुटण्याची भीती ते बोलून दाखवतील, तेव्हा त्यांना विचारा की ती फुटू नये म्हणून मी काय पाळू? त्यांनी काही नियम घालून दिले तर ते आनंदानं पाळा. "तरीही नको" म्हणाले, तर हात जोडून सांगा की तुमचा आशीर्वाद नसेल तरी माळ तुम्ही दिलेलीच राहील, पण हे मला करावं लागेल. गुरूला खोटं न बोलता त्याच्याशी मतभेद ठेवता येतो.

मंडळापुरता एक नियम मात्र आजच करा. हरिपाठ नेहमीच्या वेळेला होईल, विरुद्ध पॅनेलच्या घरातल्या बायकाही त्यात बसतील, आणि देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंत निवडणुकीचा शब्द कोणी काढणार नाही. तुम्हीसुद्धा नाही.